उतरता उजेड

"ज्यानं कुणी ही खिडकी काढली ना, त्याला इथं आणून निजवायला हवं," शेजारच्या पलंगावरून मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. हे वाक्य रोज सकाळचं होतं, आणि मास्तरीणबाई काही रागानं बोलल्या नव्हत्या. आज गुडघा जास्त ठणकतोय, असं सांगावं त्या सुरात बोलल्या होत्या. समोरच्या शाळेची घंटा होऊन गेली होती, एक मूल रडत होतं, आणि ते का रडतंय हे पलंगावरून दिसत नव्हतं, एवढंच. त्यांचा सगळा जन्म शाळेत गेलेला. नुसत्या रडण्यावरून त्या सांगायच्या, "हे आई हवी म्हणून नाही हं, हे मार खाल्ल्याचं आहे." पण खात्री करून घ्यायची सोय नव्हती. खिडकी चांगली ऐसपैस होती, पण तिची खालची कड जमिनीपासून साडेपाच फुटांवर. उभ्या माणसानंही टाचा उंचवाव्यात तेव्हा रस्ता दिसायचा. निजलेल्याच्या वाट्याला भिंत, आणि भिंतीच्या वर आभाळाची एक पट्टी. "खरंय," ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिचे कान तापले. खिडकी तिनंच काढली होती. आणि तिला इथं आणून निजवलेलंच होतं.

खुब्याचं हाड मोडल्यावर एकटीनं राहणं शक्य नव्हतं. पुतण्यानं चार ठिकाणी चौकशी केली आणि एका दुपारी तिला गाडीत घालून निघाला. "आत्या, गंमत आहे. ओळख बघू कुठं चाललोय?" तिला ओळखायला उशीर लागला नाही. फाटकाच्या खांबाचा कोपरा गोल केलेला होता, सायकलवरून वळणाऱ्या मुलीचं कोपर खरचटू नये म्हणून. तो गोलवा तिनं एका संध्याकाळी गवंड्याच्या हातातली थापी घेऊन स्वतः फिरवला होता. मुलींचं वसतिगृह होतं तेव्हा. पुढे मुली येईनाशा झाल्या, तेव्हा संस्थेनं तिथं म्हाताऱ्यांची सोय केली. पुतण्या खुशीत होता. "तुझीच बिल्डिंग! सांगू का ऑफिसात?" "नको. कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस." "का ग? हार घेऊन धावत येतील." "म्हणूनच." त्याला तो विनय वाटला. आयुष्यभर तिच्या लाजेला लोक विनयच समजत आले होते, आणि तिनंही तो गैरसमज कधी खोडला नव्हता. मास्तरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुम्ही काय करत होता?" "ऑफिसात होते. ड्रॉइंगचं काम." हे खोटं नव्हतं. तिचे वडील पाहुण्यांना असंच सांगायचे, मुलगी ड्रॉइंग करते. मग पाहुणे म्हणायचे, वा, आमची पण रांगोळ्या छान काढते.

कप खाली ठेवून तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतही वरून येणारा उजेड कळत होता. तांबूस, थोडा उबदार. हा उजेड चांगला आहे, हे तिला नाकारता येत नव्हतं, आणि तीच खरी अडचण होती. खिडकी नुसतीच वाईट असती तर सोपं होतं. कॉलेजात तिला फूटपट्टी म्हणायचे. एक तर ती तशी बारीक, आणि दुसरं म्हणजे वर्गात मुलगी ती एकटीच, तेव्हा काहीतरी नाव ठेवायलाच हवं. पुढे एका आर्किटेक्टच्या, थोरल्या साहेबांच्या, कचेरीत तिला एका टोकाचं टेबल मिळालं. थोरले साहेब सज्जन होते. "तुम्ही स्वयंपाकघरं फार सुरेख काढता," ते म्हणायचे, आणि मग सगळ्या कचेरीची स्वयंपाकघरं, फडताळं, जिन्यांचे कठडे तिच्या टेबलावर येऊन पडायचे. साइटवर गेली की मुकादम तिच्या मागे बघायचा. "साहेब येतायत ना?" "मीच." "हो, पण साहेब?" हा विनोद तिनं पुढे कित्येक भाषणांत सांगितला, लोक कित्येकदा हसले. सांगताना ती एक गोष्ट मात्र गाळायची. त्या मुकादमाला ती एकदा म्हणाली होती, "साहेब उद्या येतील." का म्हणाली, देव जाणे. मान खाली घालून निघून आली होती. म्हणजे वाकायची सवय आधीचीच होती. वसतिगृहाच्या वेळी ती नवी लागली नव्हती.

वसतिगृहाचं काम तिला मिळालं ते स्वतःच्या नावावर. त्या शहरात एका बाईच्या नावावर आलेलं ते पहिलं मोठं काम. कचेरीतल्या सगळ्यांनी हात पुढे करून अभिनंदन केलं, आणि एकानं हळूच विचारलं, "पाया कोण काढून देणार?" तिनं घरी, जेवायच्या टेबलावर, आराखडे काढायला घेतले. प्रत्येक खोलीला तिनं एक खिडकी दिली, आणि प्रत्येक खिडकीत एक कट्टा. भिंत जाड घ्यायची, आणि त्या जाडीतच बसायची जागा करायची. पाठ एका बाजूला टेकावी, पाय दुसऱ्या बाजूला, मांडीवर पुस्तक, आणि पुस्तकातून डोळे वर केले की रस्ता. हे तिनं कुठल्या ग्रंथात वाचलं नव्हतं. लहानपणी घरात तिला बसायला अशी जागा कुठंच नव्हती. खिडकी भावाच्या खोलीला होती. कट्ट्याची उंची ठरवायला ती खुर्चीवर उशी ठेवून बसून बघायची, उतरून वीत मारायची, पुन्हा बसायची. तिला हातानं मोजायची खोडच होती. अंगठा टेकवायचा, करंगळी ताणायची, पुन्हा अंगठा. पट्टी खिशात असली तरी आधी वीत. हातानं मोजलेलं विसरत नाही, असं ती म्हणायची.

संस्थेच्या अध्यक्षांनी आराखडा टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला, आणि बराच वेळ बघितला. अत्यंत मृदू माणूस. त्यांनी कधी आवाज चढवलेला कुणाला आठवत नसेल. खिडकीवर बोट ठेवून म्हणाले, "बाई, लोक मुली आपल्याकडे विश्वासानं पाठवणार. रस्त्यावरून कुणाची नजर वर जायला नको. आणि खरं सांगू, मुलींचीही खाली जायला नको." एवढंच. एकदाच. पुढचा कागद बघायला त्यांनी हात पुढेही केला होता. भांडायची तयारी तिनं रात्रंदिवस केली होती. काय बोलायचं, कुठल्या क्रमानं बोलायचं, सगळं पाठ होतं. आणि तोंडातून आलं, "हो, वर घेता येईल." ती अजून कधीतरी त्या वाक्याचा आवाज ऐकते. कुणी धमकावलं नव्हतं, काम काढून घेतो म्हणालं नव्हतं. ते म्हणाले असते का? नक्की सांगता येत नाही. तिनं विचारूनच बघितलं नाही. घरी येऊन तिनं ट्रेसिंगच्या कागदावरचे शाईचे कट्टे ब्लेडनं खरवडले. शाई अशी पुसता येत नाही, वरचा थर खरवडून काढावा लागतो, अगदी हलक्या हातानं, नाहीतर कागद फाटतो. खर्र, खर्र. आई आतून म्हणाली, "उंदीर आहे का ग?" ती म्हणाली, "नाही, मी आहे." खरवडलेल्या जागी कागद खरखरीत होतो, नवी शाई तिथं जरा फुटते. त्या आराखड्यात प्रत्येक खिडकीखाली तसा एकेक धुरकट डाग राहिला. छापून आलेल्या प्रतींत तो दिसत नाही.

आणि तरी, तिला वाटायचं, एवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं. नमतं कोण घेत नाही? पोटासाठी, नावासाठी, पुढचं काम मिळावं म्हणून जग नमतं घेतं. पण उद्घाटनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी मान वर करून विचारलं, "खिडक्या इतक्या उंचावर का हो?" अध्यक्ष शेजारीच उभे होते. त्यांच्याकडे बोट दाखवता आलं असतं, हसून उडवून लावता आलं असतं. तिच्या तोंडून एक वेगळंच वाक्य आलं, अगदी घडवल्यासारखं. "उजेड वरून यावा, विहिरीत उतरतो तसा. अभ्यासाला बाहेरचं जग नको, नुसता उजेड पुरे." पाहुणे खूश झाले. शेजारच्या वार्ताहरानं ते टिपून घेतलं. फुलं धरून उभ्या असलेल्या मुलींनीही ते ऐकलं असणार. पुढे ते वाक्य तिच्या आधी सगळीकडे पोचू लागलं. मासिकांत 'उतरता उजेड', पदकाच्या मानपत्रात 'उतरता उजेड'. मग लोक तेच मागायला लागले. शाळेला तीच खिडकी, दवाखान्याला तीच. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवणाऱ्या माणसांनाही तिनं बाहेरचं झाड दिसू दिलं नाही. विद्यार्थी विचारायचे आणि ती विहीर सांगायची. सांगता सांगता तिला ते खरं वाटायला लागलं. अध्यक्षांचं बोट, ब्लेड, तो उंदीर, सगळं त्या विहिरीच्या तळाशी गेलं. लबाडी म्हणायची तर तीही धड नाही. लबाड माणसाला निदान खरं काय ते आठवत असतं. तिला ते आठवलं इथं येऊन, पाठीवर निजल्यावर.

मास्तरीणबाईंनी ट्रंकांची गोष्ट सांगितली ती एका दुपारी, केस विंचरता विंचरता. "मी इथंच होते ना, मुलगी असताना. पहिल्या तुकडीतली. हीच खोली नव्हे, पलीकडची. चौघी होतो." तिनं उशीवरून मान वळवली. "मग ही खिडकी..." "तर! आम्ही काय सोडतोय? ट्रंकेवर ट्रंक रचायची, वर जाडजूड पुस्तकं. एकीनं चढायचं, एकीनं खालून धरायचं, आणि वरचीनं सगळं सांगायचं. कोण गेलं, कुणी कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय." त्यांनी वरचा ओठ बोटानं उचलला. "हा दात बघा. खोटा आहे. धरणारी हसली, मी गेले धाडकन. घरी सांगितलं जिन्यात पडले. हा दात या खिडकीचा." आणि त्या इतक्या हसल्या की खोकला आला. पाणी द्यायला ती उठू शकत नव्हती. नुसतीच निजून राहिली. "राग नाही यायचा?" तिनं विचारलं. "कुणाचा? ती बांधणारी बाई होती, ठाऊक आहे ना? बाई! केवढी ऐट होती आम्हाला त्याची. दुसऱ्या वसतिगृहातल्या मुलींना सांगायचो, तुमचं कुणी बाप्यानं बांधलंय, आमचं बाईनं." "मग तिला कळायला नको होतं?" "अहो, कळलं असणार की. पण तिचं कोण ऐकतंय? आम्ही रात्री गप्पा मारायचो ना, तेव्हा म्हणायचो, भांड भांड भांडली असेल बिचारी. सोडते की काय!" मास्तरीणबाईंनी विंचरून झालेले केस बोटाभोवती गुंडाळले आणि उशीखाली ठेवले. "एवढी शिकलेली बाई. भांडली असेलच हो." ती भिंतीकडे तोंड करून निजली. खुब्यात कळ आली, पण ती कुशीवरच राहिली. कधी न पाहिलेल्या, अंधारात पुटपुटणाऱ्या चार मुलींनी तिच्या वतीनं ते भांडण केलं होतं. तिच्यापेक्षा चांगलं केलं होतं.

आणि आता एक मुलगी येणार होती. तरुण, हुशार, स्वतः आर्किटेक्ट. तिच्यावर पुस्तक लिहीत होती. पुतण्याला फोनवर नाही म्हणता आलं नव्हतं. "आत्या, किती गोड बोलली ग. फक्त एक फोटो हवाय. तू आणि तुझी खिडकी." तिनं निरोप पाठवला, भेटू, पण खाली, बैठकीच्या खोलीत. वर नको, शेजारी आजारी आहेत. हे सांगताना तिला स्वतःचा वीट आला. आता आजारी शेजारणीचा आडोसा. मास्तरीणबाई सकाळी म्हणाल्या, "आज नवी साडी? कोण येतंय?" "पुतण्याच्या ओळखीची कुणी." "बरं." मास्तरीणबाईंनी आणखी विचारलं नाही. तिला उगाच वाटलं, विचारायला हवं होतं त्यांनी. चाकांच्या खुर्चीत बसवून खाली न्यायला कुणी यायच्या आतच दारात गळ्यात कॅमेरा अडकवलेली मुलगी उभी राहिली. "मॅडम! खाली थांबवेना हो मला. हीच ना ती खोली? अगदी चित्रात आहे तशी!" मुलीचा आवाज स्वच्छ आणि मोठा होता. तो त्या बंद खोलीत दोन्ही पलंगांवर सारखाच पडला.

मुलगी वाकून पाया पडली, मग मास्तरीणबाईंकडे वळली. "आजी, तुम्हाला माहीत आहे ना, तुमच्या शेजारी कोण राहतंय ते? ही सगळी इमारत यांनी बांधलीय. ही खिडकी यांची." ती चादरीची किनार बघत राहिली. किनारीला एक टाका उसवला होता. लाज ही किती अंगाची गोष्ट आहे, तिच्या मनात आलं. मानेवर घाम, तळव्यांना मुंग्या, आणि जीभ टाळूला चिकटलेली. शाळेत पाढा चुकल्यावर जसं व्हायचं अगदी तसंच, एवढ्या वर्षांत त्यात काही भर पडलेली नाही. मास्तरीणबाई आता काहीही म्हणू शकत होत्या. दात दाखवू शकत होत्या. रोज सकाळचं वाक्य पुन्हा म्हणू शकत होत्या. त्या म्हणाल्या, "उजेड फार छान येतो हो. विहिरीत उतरतो ना, तसा." मुलगी आनंदानं उडालीच. "बघा मॅडम! बघा! राहणाऱ्यांनाही जाणवतं!" तिनं मान वर केली. मास्तरीणबाई तिच्याकडे बघत होत्या, शांतपणे. वर्गात तपासणीला कुणी साहेब आल्यावर कच्च्या मुलाचं उत्तर बाईंनीच हळूच पुरवावं, तसं काहीतरी त्या नजरेत होतं. ते विहिरीचं वाक्य छापील मासिकातलं नव्हतं. ते त्यांनी फुलं हातात धरून ऐकलेलं होतं. "कधी कळलं?" ती ओठांतच म्हणाली. "आल्या दिवशी," मास्तरीणबाई तितक्याच हळू म्हणाल्या. "पलंगाच्या कडेला वीत मारून बघितलीत ना? उद्घाटनाच्या दिवशीही कठड्यावर तसंच चाललं होतं तुमचं. आम्ही नकला करायचो." म्हणजे रोज सकाळी ते वाक्य, त्याला इथं आणून निजवायला हवं, ते भिंतीला उद्देशून नव्हतंच. बाई वाट बघत होत्या. फळ्यासमोर उभं करून, छडी न उगारता, उत्तर आतून येईल म्हणून.

मुलीला यातलं काही कळलं नाही. ती कॅमेऱ्यातून खिडकी बघत होती. "मॅडम, इथं उभ्या राहाल? चेहऱ्यावर वरून उजेड येऊ दे." पुढे केलेला तो हात, ते मृदू बोलणं, अध्यक्षांसारखंच. 'हो' जिभेवर आलंसुद्धा होतं, इतकी ती वाट मळलेली होती. "नको," ती म्हणाली. "तू आडवी हो." "मी?" "माझ्या पलंगावर. उशीवर डोकं ठेव, अगदी सरळ." मुलगी गोंधळली, चपला काढल्या, कॅमेरा पोटावर धरून निजली. ती स्वतः खाटेचा कठडा पकडून आधीच खुर्चीत सरकली होती. "काय दिसतं?" "भिंत. आणि वरून उजेड." मुलगी हसली. "खूप शांत वाटतं, मॅडम. सगळं जग बाहेर राहिलंय असं." खर्र, खर्र, तिच्या कानात झालं. इतकं चांगलं खरवडलं होतं तिनं, की निजवूनही दिसत नव्हतं. तिच्यापाठी आलेल्या, तिच्यामुळेच या धंद्यात आलेल्या मुलीच्या डोळ्यांवरही तीच शाई. आता काय सांगायचं? अध्यक्षांचं बोट सांगावं तर दोष त्यांच्यावर जाईल, मुलगी हळहळेल, पुस्तकात एक करुण पान होईल. नवा विनय. "जरा निजून राहा," ती म्हणाली. "आता मधली सुट्टी होईल."

मग घंटा झाली. जिन्यावरून पावलं कोसळली, पोरं मैदानात सांडली, कुणाचा तरी चेंडू तारेच्या कुंपणाला लागून झणझणला, आणि एकदम खूप मोठ्यानं सगळी हसली, काहीतरी झालं होतं. मुलीची मान उशीवरून वर आली. तिनं कोपर टेकलं, अंग उचललं, आणखी उचललं, गळ्याच्या शिरा ताणून भिंतीच्या कडेपर्यंत नजर नेली, आणि तिथं ती अडली. "काय झालं खाली?" मुलगी बोलून गेली. मुलगी तशीच कोपरावर अर्धी उठलेली, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. "मान वर केलीस," ती म्हणाली. "आवाज आला म्हणून. आपोआप." "हां. मला तेव्हा कुणी जोर केला नव्हता. एकदा म्हणाले, आणि मी वर घेतली. विहीर मागाहून आली. एवढं लिही, आणि मान वर केलीस ते लिही."

मुलगी उठून बसली. तिला काय करावं कळेना, ती चपला शोधू लागली. मग धीर करून म्हणाली, "खाली घेता येईल ना, मॅडम? अजूनही. तुम्ही म्हणालात तर..." आणि मध्येच थांबली. मग स्वतःच म्हणाली, "नाही. नाही येणार. या इमारतीला हात लावायला बंदी आहे आता. जपायच्या इमारतींत घेतलंय हिला. मीच अर्ज केला होता, या खिडक्यांसाठी." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्या पोरीची दया आली, आणि लगेच त्या दयेचीही लाज वाटली. आपल्या नावानं आता भिंत धरून ठेवली होती. हातोडा घेऊन ती स्वतः उभी राहिली असती तरी तिच्याच मोठेपणानं तिचा हात धरला असता. खाली मैदानात पुन्हा हशा उसळला. मास्तरीणबाईंनी उशीत डोकं नीट बसवलं आणि पंख्याकडे बघत म्हणाल्या, "रडताय काय दोघी. भिंत खाली येत नाही ना? मग ट्रंका आण म्हणावं. आम्ही काय वेगळं करत होतो?"

ती हसली नाही. तिनं खुर्ची हातांनी रेटत त्यांच्या पलंगापर्यंत नेली. चाक एकदा अडलं, मुलगी पुढे झाली, तिनं मानेनं नको म्हटलं. पलंगच खिडकीएवढा वर घ्यायचा. लाकडी पलंग, चार पाय, खाली ओटा बांधला तर वजन पेलेल, चढवायला उतार लागेल, भिंतीला कुठंच स्पर्श नको. पण हे सगळं नंतर. तिनं वाकायचा प्रयत्न केला आणि खुब्यानं तिला अर्ध्यावर थांबवलं. "तू वाक," ती मुलीला म्हणाली. "जमिनीवर अंगठा टेकव. पट्टी नको, वीत मार. वर ये, यांच्या डोळ्यापर्यंत." मुलगी फरशीवर गुडघे टेकून बसली. हातावर हात चढत पलंगाच्या पायावरून, गादीच्या कडेवरून, उशीवरून वर आला. गालापाशी करंगळी पोचली तेव्हा मास्तरीणबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"उघडे ठेव," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत तिनं त्यांना पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती, आणि तिचे कान पुन्हा तापले. "उघडे ठेव ग. मला तेच मोजायचंय."